महाराष्ट्रातले संपादक, प्रकाशक आणि आपले सोलापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की हे प्रश्न सुरू होतात. ६ तारखेला पत्रकार दिन, १२ तारखेला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, पाठोपाठ सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. शाळांत भाषणे, कॉलेजात प्रकल्प, त्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांची धावपळ. छापखान्यात आणि मुद्रितशोधनात आयुष्य गेल्यामुळे लोक माझ्याकडे येतात. तीच उत्तरे पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी.

पहिले मराठी वृत्तपत्र कोणते?

'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले. सुरुवातीला पाक्षिक, थोड्याच महिन्यांत साप्ताहिक. एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी अशी मांडणी होती. राज्यकर्त्यांना इथल्या लोकांचे मन कळावे आणि इथल्या लोकांना नव्या विद्या कळाव्यात, हा उद्देश. १८४० मध्ये 'दर्पण' बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. १८४६ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्याआधी, ते गेले.

कुणी 'मुंबापूर वर्तमान'चे नाव पुढे करतो. १८२८ मध्ये असे पत्र निघाल्याचे उल्लेख आहेत. पण अंक हाताशी नसताना त्याला पहिला नंबर द्यायला माझे मन घेत नाही. परीक्षेत 'दर्पण'च लिहा.

पत्रकार दिन ६ जानेवारीलाच का?

'दर्पण'चा पहिला अंक त्या दिवशी निघाला म्हणून. हा दिवस त्या अंकाचा आहे. बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालण्याआधी फलकावर 'जयंती' लिहिलेले नाही ना, एवढे बघून घ्या.

संपादक, प्रकाशक, मुद्रक, मालक हे सगळे एकच का?

कधी एकच माणूस, कधी चार. ज्याला वृत्तपत्रांचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्याने हा फरक आधी पक्का करावा.

आजचा कुठलाही पेपर घ्या आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाला बघा. मुंगीएवढ्या अक्षरात ओळ असते: हे पत्र मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या पत्त्यावरून प्रसिद्ध केले, संपादक अमुक. आम्ही तिला प्रिंट लाइन म्हणतो. वाचक ती वाचत नाही. सरकार मात्र पहिल्यांदा तीच वाचते. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या कागदावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. हा कायदा थेट आपल्या काळापर्यंत चालला. २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, तेव्हा कुठे तो गेला. ओळ मात्र अजून आहे.

संपादक काय छापायचे ते ठरवतो. प्रकाशक ते लोकांसमोर आणण्याची जबाबदारी घेतो. मुद्रक छापतो. मालक पैसा घालतो आणि बहुतेक वेळा घालवतो. खटला भरताना इंग्रज सरकार या ओळीतल्या कुणालाही उचलू शकत असे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात केशव महादेव बाळ हे मुद्रकही उभे होते. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, बाळ सुटले. टिळकांचा खटला सगळ्यांना ठाऊक असतो. बाळांचे नाव सांगितले की समोरचा विचारतो, हे कोण?

'केसरी' टिळकांनी सुरू केला ना? मग आगरकर पहिले संपादक कसे?

'मराठा' २ जानेवारी १८८१ ला आणि 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला. मागे चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी असे एक मंडळच होते. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे आणि मराठी 'केसरी' आगरकरांकडे, अशी वाटणी झाली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले होते ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून टिळक आणि आगरकर दोघे १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. कागद तपासल्याशिवाय छापू नये, हा धडा आपल्या दोन थोर संपादकांनी असा घेतला. नव्या बातमीदारांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते जरा सावरून बसतात.

आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावरून दोघांचे फाटले. आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले बघत. दोन्ही पत्रांची मालकी कर्जासकट टिळकांकडे आली ती १८९१ मध्ये. १९०८ ची सहा वर्षांची मंडालेची शिक्षा ही 'केसरी'तल्या लेखांबद्दलच. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही शिक्षा झाली.

सोलापुरातले जुने पत्र कोणते?

एकोणिसाव्या शतकात इथून 'कल्पतरू' हे साप्ताहिक निघत होते. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा सरकार इंग्रजीत गोषवारा करून ठेवत असे. त्या अहवालांत सोलापूरचा 'कल्पतरू' वारंवार भेटतो. म्हणजे इथले लिखाण वर वाचले जात होते आणि त्याची नोंद होत होती.

दुसरे नाव 'जैन बोधक'चे. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात सोलापुरात सुरू केलेले हे नियतकालिक. वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव. जहाजे, विमाने आणि साखर कारखान्यांमुळे मुलाचे नाव देशभर झाले. बापाने छापून ठेवलेले कागद फार थोड्यांनी पाहिले. आपण ज्याला नुसते 'हि. ने.' म्हणतो त्या वाचनालयावर मात्र बापाचे नाव आहे. तिथल्या ॲम्फी थिएटरात कार्यक्रमाला सगळे जातात. या माणसाने एक नियतकालिक चालवले होते, हे निदान तिथे बसल्यावर तरी आठवावे.

१९३० च्या मार्शल लॉशी वृत्तपत्रांचा काय संबंध?

फार जवळचा. हे उत्तर लांबणार आहे.

१९३० चा सविनय कायदेभंग सुरू होता. एप्रिलच्या अखेरीस व्हाइसरॉयने वृत्तपत्रांवर वटहुकूम काढला: छापखान्याकडून जामीन मागायचा, मजकूर पटला नाही तर तो जप्त करायचा. देशभर कितीतरी पत्रांना टाळे लागले. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे पडले. जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवले, पोलिसांनी गाव सोडले. पुढचे तीन-चार दिवस इथे इंग्रजांचा अंमल नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी घातली किंवा तिरंगा हातात धरला तरी शिक्षा.

त्या काळात गावात 'कर्मयोगी' हे पत्र होते. त्याचे संपादक रामभाऊ राजवाडे काँग्रेसच्या चळवळीतही पुढे होते. लष्करी कायद्याखाली त्यांना तुरुंगात जावे लागले.

दुसरे पत्र 'गझनफर'. ते चालवणारा तरुण विशीतला होता, गिरणी कामगारांत काम करणारा, सभेत बोलायला उभा राहिला की लोक थांबून ऐकत. नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिले.

पार्क चौकातल्या पुतळ्यांजवळून आपण रोज जातो, पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो. त्या चौघांतला एक जण संपादक होता, ही गोष्ट निम्म्या सोलापूरला माहीत नाही. पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात मी हे विचारून पाहिले आहे. पत्रकारांनाही माहीत नव्हते.

मग महाराष्ट्राच्या थोर संपादकांच्या यादीत कुर्बान हुसेन का नसतात?

माझे मत सांगतो. यादी करणारे अंकांवरून यादी करतात, आणि ते रास्तही आहे. 'केसरी'च्या फाइली जपल्या गेल्या, अग्रलेखांचे खंड निघाले. सोलापूरसारख्या गावातली पत्रे एका माणसाच्या जिवावर चालत. माणूस तुरुंगात गेला किंवा गेलाच, की छापखाना विकला जाई आणि अंक रद्दीत जात. वाचायला लेखन नाही, म्हणून संपादक म्हणून मोल ठरत नाही; 'हुतात्मा' या एका शब्दात सगळे उरकते.

दुसरे कारण जास्त टोचणारे आहे. पुण्या-मुंबईत निघाले तर ते महाराष्ट्राचे वृत्तपत्र, आणि आपल्याकडे निघाले तर 'स्थानिक'. गिरण्यांच्या गावात कामगारांसाठी लिहिणाऱ्याला फक्त स्थानिक म्हणायचे असेल तर त्या यादीला मुंबई-पुण्याची यादी म्हणा, वाद मिटला.

पुण्या-मुंबईबाहेर आणखी कोण?

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये सुरू झाले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून ते अनेक दशके चालवले. रस्ता धड नाही, वीज नाही, गिऱ्हाईक शेतकरी, तोही वर्गणी थकवणारा. अशा ठिकाणी छापखाना टाकून सत्यशोधक विचारांचे पत्र काढायचे म्हणजे काय असते, हे ज्याने शाईचा डबा स्वतः उघडला आहे त्यालाच कळेल. या माणसावर दोन परिच्छेद जास्त लिहिले तरी हरकत नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

कोल्हापूरला ग. गो. जाधवांचा 'पुढारी', नागपूरला ग. त्र्यं. माडखोलकरांचा 'तरुण भारत', औरंगाबादला अनंत भालेरावांचा 'मराठवाडा'. प्रत्येकाने आपल्या भागाला वाचा दिली. आपला एखादा नेता अडचणीत आला की हे पेपर काय म्हणतात ते आधी बघायची सवय जुन्या पुढाऱ्यांना होती.

गिरणी कामगारांसाठी पहिले पत्र कोणते?

'दीनबंधु' सांगावे लागेल, पण त्याची सुरुवात गिरणीतून झाली नाही. कृष्णराव भालेकरांनी ते १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सत्यशोधकी विचारांसाठी काढले. (सोलापूरची जुनी गिरणीही १८७७ चीच. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.) पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत हाती घेतले आणि गिरणी कामगारांचे हाल त्यात यायला लागले. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांची संघटना उभारली, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. आपले आजोबे-पणजोबे रविवारी गिरणीला गेले नाहीत, त्यात या पत्राचा वाटा आहे.

पहिली महिला संपादक कोण?

तानूबाई बिर्जे. त्यांनी 'दीनबंधु'चीच धुरा सांभाळली, १९०८ ते १९१२. वडील देवराव ठोसर फुल्यांचे सहकारी, पती वासुदेवराव बिर्जे आधीचे संपादक. पती गेल्यावर दागिने-भांडी विकून पत्र चालवल्याचे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे लिखाण: शिक्षण, राजकारण, काँग्रेसमधली बहुजनांची जागा, अशा विषयांवर अग्रलेख. बायकांच्या पानापुरते त्यांनी स्वतःला ठेवले नाही.

आंबेडकरांच्या पत्रांचा क्रम सांगा.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७, 'जनता' १९३०, आणि त्याचेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे. वर सांगितलेली प्रिंट लाइन इथे पुन्हा आठवा. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवले आहे. आणि 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहावे लागत.

स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर कोणती नावे?

नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' काढला. अमेरिकेत शिकून आलेला माणूस. त्यांनी मताआधी बातमी आणली: मंडईचे भाव, नळाचे पाणी, गावोगावचा बातमीदार. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण पुढे सगळ्यांनी तेच केले.

आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ चा, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठीच जन्मलेला. मथळे असे की अर्धा मोर्चा तिथेच निघायचा. 'लोकसत्ता' १९४८, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२. गोविंद तळवलकरांचे अग्रलेख कापून ठेवणारे मास्तर सोलापुरातही होते. जवाहरलाल दर्डांचा 'लोकमत' दैनिक म्हणून नागपुरातून १९७१ मध्ये सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला.

सोलापुरात विचाराल तर 'संचार' आणि रंगाअण्णा वैद्य ही जोडी. नंतर बाहेरच्या साखळी दैनिकांच्या आवृत्त्या इथे आल्या, रंगीत पाने आली, तरी कुणाच्या घरची दहाव्याची वेळ, कुठल्या पेठेत पाणी कधी, हे 'संचार'मध्ये बघायची सवय जुन्या लोकांची गेली नाही.

खिळे जुळवणे म्हणजे नेमके काय? नातू विचारतो.

शिशाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर. समोर लाकडी केस, तिच्यात लहान लहान खण. जुळारी डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) धरतो आणि उजव्या हाताने खणातून खिळा उचलून त्यात लावतो. हाताने लिहिलेली कॉपी डोळ्यांसमोर, बोटे न बघता खणात जातात. देवनागरीची गंमत अशी की इंग्रजीसारख्या थोड्या खणांत भागत नाही. काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे, सगळ्यांना घर लागते. एखादा खिळा चुकीच्या खणात पडला की पुढच्या मजकुरात तो नेमका नको तिथे उगवतो. मग प्रूफ काढायचे, तपासायचे, चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा.

छपाई झाली की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात. त्याला सोडवणे म्हणत. संपादकाचा अग्रलेख कितीही जहाल असो, दुसऱ्या दिवशी त्याच शिशातून हळदीकुंकवाचे निमंत्रण छापले जायचे. चांगल्या जुळाऱ्याला संपादकाच्या शुद्धलेखनाच्या चुका ठाऊक असत आणि तो त्या न सांगता दुरुस्त करी. ऑफसेट आणि संगणक आल्यावर ही माणसे एका रात्रीत बिनकामाची झाली. इतिहासात त्यांचे एकही नाव नाही. प्रिंट लाइनमध्येसुद्धा ते कधी नव्हते.

सोलापुरातली कानडी, तेलुगू, उर्दू पत्रे या इतिहासात धरायची का?

धरायची. महाराष्ट्रातली पत्रे म्हणजे फक्त मराठी पत्रे, असे नियम केले तर सोलापूरचा अर्धा संसार बाहेर राहील. एका वाड्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच वेळी ऐकू येणारे हे गाव आहे. आणि खुद्द 'दर्पण' दोन भाषांत होते की!

घरात जुन्या पेपरांचा गठ्ठा सापडलाय. काय करू?

आधी रद्दीवाल्याला परत पाठवा. गठ्ठा उन्हात टाकू नका, दोरी कापा, ओढू नका. फाटले असेल तिथे सेलोटेप मारू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद आतून कायमचा जातो. सपाट ठेवा, दोन पानांत कोरा कागद घाला. मग प्रत्येक अंकाचे पहिले पान आणि शेवटच्या पानाचा तळ, एवढ्याचे मोबाइलवर सरळ फोटो काढा. नाव, तारीख, अंक क्रमांक, मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता इतके तरी त्यातून हाती लागते. आतल्या बातम्या सावकाश बघा. नंतर वाचनालयात किंवा विद्यापीठात दाखवा. आणि त्यात 'कर्मयोगी' किंवा 'गझनफर'चा फाटका तुकडा जरी निघाला, तर तो घेऊन कुठे जाऊ नका, मला बोलवा. मीच येतो.

स्पर्धा परीक्षेत कोणत्या जोड्या चुकतात?

'दीनबंधु' भालेकरांचे, 'दीनमित्र' मुकुंदराव पाटलांचे. ते भालेकरांचेच पुत्र, दत्तक गेलेले. 'ज्ञानोदय' नगरचे १८४२ चे, 'ज्ञानप्रकाश' पुण्याचे १८४९ चे. लोकहितवादींची शतपत्रे छापून आली ती भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये, 'दर्पण'मध्ये नव्हे. आणि 'सुधारक' आगरकरांचा. टिळकांचा म्हणून लिहून येणारी मुले दरवर्षी भेटतात.

पाच मिनिटांच्या भाषणासाठी एकच माणूस निवडायचा असेल तर?

बाकीच्या वर्गाने टिळक घेतलेले असतात. तू तानूबाई घे, नाहीतर कुर्बान हुसेन.

मुलीला पत्रकारिता शिकायची आहे. सोलापुरात सोय आहे का?

आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापन विभाग आहे. प्रवेशाच्या तारखा तिथेच विचारा. तोवर तिला रोज सकाळी एकच बातमी तीन पेपरांत वाचायला सांगा आणि कुणी काय गाळले ते वहीत लिहायला लावा.